ॲप घेताना आधी त्याचं मूळ बघा

लिनक्सवर एखादं ॲप हवं असलं की बरेच जण कुठल्याशा संकेतस्थळावरून डेब फाइल उतरवतात आणि पासवर्ड टाकून बसवून मोकळे होतात. कृपया असं करू नका. डेब पॅकेज बसताना त्यातल्या स्क्रिप्ट रूटच्या अधिकारानं चालतात, म्हणजे ती फाइल बनवणाऱ्याच्या हाती त्या क्षणी अख्खा संगणक जातो. डेबियन किंवा उबुंटूच्या भांडारातलं पॅकेजही असंच बसतं. फरक इतकाच की ते सांभाळणारी माणसं ठाऊक असतात आणि त्यावर डिजिटल सही असते. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या साधनात चोरदरवाजा सापडला. तोवर तो डेबियनच्या चाचणी आवृत्तीत शिरला होता, स्थिर आवृत्तीत नाही. स्थिर आवृत्तीत ॲप जुनी मिळतात म्हणून आपण कुरकुरतो, पण त्या संथपणानंच तेव्हा वाचवलं.

तरीही भांडारात नसलेलं किंवा फार जुनं झालेलं ॲप लागतंच. तिथं फ्लॅटपॅक या प्रकारचं पॅकेज घ्या. त्याला बसताना रूटच्या स्क्रिप्ट चालवाव्या लागत नाहीत, आणि जुन्या डेबियनवरही नवी आवृत्ती चालते. जागा मात्र जास्त खातं.

फ्लॅटपॅक ॲप सँडबॉक्समध्ये, म्हणजे कुंपणाच्या आत चालतं. पण सँडबॉक्स म्हटलं की सुरक्षित, असं धरून चालू नका. कित्येक फ्लॅटपॅक अख्खं होम फोल्डर मागतात, आणि ते दिलं की तुमचे फोटो, कागदपत्रं, बॅशची सेटिंग्ज सगळंच उघडं पडतं. कुंपणाला एवढं मोठं फाटक ठेवल्यावर कुंपण नावापुरतंच. फ्लॅटसील नावाचं छोटं ॲप प्रत्येकाच्या परवानग्या दाखवतं. तिथं होमची परवानगी बंद करून बघा. फाइल निवडण्याची खिडकी पोर्टलमधून, म्हणजे कुंपणाबाहेरच्या मध्यस्थाकडून उघडणारी ॲप त्यानंतरही नीट चालतात.

दुरुस्तीचंही बघा. सप्टेंबर २०२३ मध्ये लिबवेबपी या चित्रांच्या लायब्ररीत गंभीर भोक निघालं. वितरणात ते एक पॅकेज बदललं की ते वापरणारे सगळे प्रोग्राम सुधारले. स्वतःची प्रत पोटात घेऊन आलेल्या ॲपना मात्र आपापल्या कर्त्याची वाट बघावी लागली. म्हणून ज्याला वर्षभर अपडेट नाही, असं फ्लॅटपॅक काढून टाका. दुकानाच्या नावावरही विसंबू नका: २०२३ मध्ये स्नॅप या दुसऱ्या पॅकेज प्रकाराच्या दुकानात क्रिप्टो वॉलेटची बनावट ॲप शिरली होती. फ्लॅटपॅकच्या फ्लॅटहब या दुकानात कर्त्याच्या पडताळणीची खूण असते, ती बघूनच घ्या.

कर्नल, छपाई, टर्मिनलची साधनं वितरणाच्या भांडारातूनच येऊ द्या. आणि आजच फ्लॅटसील उघडून कोणत्या ॲपला होम फोल्डर दिलंय ते तपासा.