शेंदराची साक्ष

भाऊबीजेला ताईकडे चारठाण्याला निघालो आणि वडिलांची जुनी जीप गावाच्या तोंडाशीच कण्हू लागली. मिस्त्रींनी मागला डिफरन्शिअल उघडला. ‘‘पिनियन नवे घाला,’’ मी अक्कल पाजळली.

‘‘सर, क्राउन-पिनियन एकमेकांना लागून झिजतात. एकच बदललं तर दोन्ही जातील. खराब आहे ते बेअरिंग!’’

बेअरिंग बदलून त्यांनी तेलात कालवलेला शेंदूर दातांना फासला (देवळांच्या गावी त्याला काय तोटा!) आणि गिअर फिरवले. ठसा दातांच्या माथ्याशी उमटला. मग पिनियनमागे पातळ शिम वाढवली; तिसऱ्या खेपेस ठसा जुन्या झिजेवर नेमका बसला.

‘‘ऐकलंत ना? जोडी मोडायची नाही,’’ सौभाग्यवती म्हणाल्या.

ताईने ओवाळले तेव्हा रात्रीचे दहा वाजले होते.