लाजेपोटी लपवलेलं रक्त

दोन वर्षांपूर्वी अब्बांच्या शौचातून रक्त जायला लागलं. त्यांनी कुणालाच सांगितलं नाही. मूळव्याध समजून मेडिकलमधून मलम आणलं, इसबगोल घेतला आणि आठ महिने काढले. वजन उतरलं तेव्हा अम्मीनं त्यांना बळेच दवाखान्यात नेलं. मोठ्या आतड्याचा कॅन्सर निघाला. ऑपरेशन झालं, आज ते बरे आहेत.

मी विचारलं, "अब्बा, आधी का नाही सांगितलं?" ते म्हणाले, "बेटा, ऐसी बात बच्चों के सामने बोलते क्या?"

खरी अडचण पैशांची नव्हती, लाजेची होती. गंमत म्हणजे शौचानंतरच्या स्वच्छतेचे नियम आपण लहानपणी मदरशात न लाजता शिकतो. तहारतवर बोलताना जीभ अडखळत नाही, मग त्याच जागेच्या आजारावर गप्प का?

लाजेमागे भीती असते. 'तपासलं नाही तर निघणारही नाही' असं मनाला वाटतं. मग तिला आपण 'नशिबात असेल ते होईल' असं नाव देतो. पण इलाज शोधायला आपल्या दीननं कधी मनाई केलेली नाही.

हा आजार एका रात्रीत होत नाही. आतड्यातल्या छोट्या गाठीचा, म्हणजे पॉलिपचा कॅन्सर व्हायला बहुतेकदा दहाएक वर्षं लागतात. तेवढ्यात ती काढली तर कॅन्सर टळतो. त्रास नसलेल्यांसाठी साधी तपासणी आहे: शौचाचा नमुना घरीच डबीत घ्यायचा, डोळ्यांना न दिसणारं रक्त त्यात कळतं. दोष आढळला तर कोलोनोस्कोपी. रक्त दिसत असेल तर मात्र थेट डॉक्टरांकडेच जायचं.

सरकारी तपासणी मोहिमेत तोंड, स्तन आणि गर्भाशयमुखाचा कॅन्सर आहे, आतड्याचा नाही. आशाताई विचारायला येतील याची वाट पाहू नका. हा विषय घरातच निघायला हवा.

आमच्या घरी तो अजून अर्धाच निघालाय. वडिलांना हा आजार झाला असेल तर मुलांनी चाळिशीपासून कोलोनोस्कोपी करावी, असं डॉक्टरांनी सांगितलंय. भाईजान 41 वर्षांचे आहेत. "ईदनंतर बघू," म्हणतात. दोन ईद झाल्या. परवा अब्बाच त्यांना म्हणाले, "मी लाजलो, तू लाजू नकोस." भाईजान काही बोलले नाहीत, पण पहिल्यांदाच उठून गेले नाहीत.

तुमच्या घरी हे कोण विचारणार? तुम्हीच विचारा.