रात्रीचे दारे धरणे

साप बहिरा असतो, असे आपल्यापैकी अनेक जण शाळेपासून ऐकत आले. ते खरे नाही. सापाला बाहेरचा कान नाही आणि कानाचा पडदाही नाही. आतला कान मात्र शाबूत आहे. जमिनीला टेकलेल्या खालच्या जबड्याला हादरा बसला की तो हाडांमधून त्या कानापर्यंत पोहोचतो. डेन्मार्कमधील संशोधकांनी 2012 मध्ये अजगराच्या एका जातीवर प्रयोग केले, तेव्हा 80 ते 160 हर्ट्झची कंपने त्याला सर्वांत चांगली जाणवतात असे दिसले. ऑस्ट्रेलियातील 2023 च्या प्रयोगांत तर हवेतून आलेल्या आवाजालाही सापांनी प्रतिसाद दिला.

माणसाच्या पावलाची धमकही खालच्या पट्टीतलीच. ‘बांधावरून जाताना काठी आपटत जा’ हा म्हाताऱ्याकोताऱ्यांचा सल्ला म्हणूनच खरा आहे. चाहूल लागली की नाग, धामण बहुधा आपणहून भेगेत, बिळात सटकतात. माणसाशी गाठ पडावी असे सापालाही वाटत नाही.

घोणशीची रीत मात्र वेगळी. चाहूल लागूनही ती बऱ्याचदा जागची हलत नाही. पाचोळ्यात वेटोळे करून पडून राहते, अगदी जवळ गेल्यावर कुकरच्या शिट्टीसारखी फुसफुसते, आणि तोवर पाऊल पडलेले असते. तिच्यापासून वाचवतात ते आपले डोळे, आणि डोळ्यांना उजेड लागतो.

नेमका तोच उजेड आपण शेतकऱ्याला नाकारला आहे. कृषिपंपांना अनेक ठिकाणी अजूनही पाळीने रात्रीची वीज मिळते. मोटार सुरू झाली की शेतकरी झोपेतून उठून दारे धरायला जातो. हातात फावडे. एक वाफा भरला की दार मोडायचे, दुसरे लावायचे; त्यासाठी बॅटरी बांधावर ठेवायची किंवा दातांत धरायची. पाणी बिळांत शिरते, उंदीर बाहेर पडतात, बेडूक गोळा होतात, त्यांच्या मागावर साप येतो. चिखलात पाऊल रुतते, त्याची धमक उठत नाही. सापाला माणसाची नीट चाहूल नाही आणि माणसाला साप दिसत नाही.

2000 ते 2019 या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे 12 लाख माणसे दगावली, म्हणजे वर्षाला सरासरी 58 हजार, असा 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाचा अंदाज आहे. त्यांतली बहुसंख्य खेड्यांतली. 2030 पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणण्याचा राष्ट्रीय कृती आराखडा केंद्राने 2024 मध्ये जाहीर केला. प्रतिविष आणि दवाखाने हवेतच. पण दंशच होऊ नये याची सर्वांत साधी सोय दिवसाची वीज ही आहे. शेतीला दिवसा वीज देण्यासाठी राज्याने 2017 मध्ये सौर कृषी वाहिनी योजना आणली. तिच्याकडे केवळ वीजबिलाच्या हिशेबाने पाहू नये. ती जीव वाचवणारी योजना आहे, आणि तिचे काम त्याच निकडीने पूर्ण झाले पाहिजे.

तोवर शेतकरी बंधू-भगिनींनी पायांत गमबूट आणि कपाळाला बॅटरी लावल्याशिवाय वाफ्यात उतरू नये. दंश झालाच तर मांत्रिकाकडे एक मिनिटही न घालवता सरकारी दवाखाना गाठावा.