तात्काळ तिकीट: १० वाजता पेज का अडकतं आणि नवीन सिस्टीमने काय बदलेल?

सकाळचे ९:५९. आयआरसीटीसीचं ॲप उघडं, प्रवाशांची नावं मास्टर लिस्टमध्ये भरलेली, यूपीआयचा पिन पाठ. १० वाजतात, बटण दाबलं जातं आणि गोल चाक फिरायला लागतं. चाक थांबतं तेव्हा स्क्रीनवर असतं वेटिंग लिस्ट!

आपण म्हणतो, "नेट स्लो आहे." पण त्याच फोनवर, त्याच वेळी रील मात्र मजेत चालत असतं. मग अडतं कुठे?

किती वेळ म्हणजे उशीर?

बटण दाबल्यापासून उत्तर मिळेपर्यंत जो वेळ जातो, त्याला रिस्पॉन्स टाइम म्हणतात. जेकब नील्सन या तज्ज्ञाने १९९३ मध्ये सांगितलेल्या तीन मर्यादा आजही वापरल्या जातात. ०.१ सेकंदात उत्तर आलं तर ते लगेच आल्यासारखं वाटतं. १ सेकंदापर्यंत विचारांची लिंक तुटत नाही. १० सेकंदांनंतर लक्ष उडतं.

तात्काळच्या वेळी लक्ष उडत नाही, धीर सुटतो. आणि धीर सुटलेला माणूस रिफ्रेश करतो.

रांग अशी फुगते

समजा, सर्व्हरला एका कामाला १०० मिलिसेकंद लागतात. रांगांच्या साध्या गणितानुसार सर्व्हर ५०% बिझी असेल तर तुम्हाला उत्तर सरासरी २०० मिलिसेकंदांत मिळतं. ९०% बिझी असेल तर १ सेकंद. ९५% ला थेट २ सेकंद! म्हणजे शेवटच्या ५% लोडने वेळ दुप्पट केला. सिस्टीम हळूहळू स्लो होत नाही, एका टप्प्यानंतर एकदम कोलमडते.

त्यात तुम्ही रिफ्रेश केलं की जुनी रिक्वेस्ट बऱ्याचदा रद्द होत नाही. सर्व्हर तिच्यावरही काम करत राहतो आणि नवीनही रांगेत लागते. लाखो लोकांनी एकाच वेळी हेच केलं की स्लो सिस्टीम आणखी स्लो होते.

आकडे काय सांगतात?

२२ मे २०२५ रोजी आयआरसीटीसीवर एका मिनिटात ३१,८१४ तिकिटं बुक झाली. तो तेव्हाचा विक्रम होता. रेल्वेनेच दिलेल्या माहितीनुसार, तात्काळच्या पहिल्या ५ मिनिटांत लॉगिनच्या प्रयत्नांपैकी ५०% पर्यंत बॉट्सचे असायचे. त्यानंतर अडीच कोटी संशयास्पद आयडी बंद केले गेले. १ जुलै २०२५ पासून ऑनलाइन तात्काळसाठी आधार पडताळणी सक्तीची झाली आणि एजंटना पहिली ३० मिनिटं बुकिंग बंद झालं.

सोबत नवीन सिस्टीमचीही घोषणा झाली: मिनिटाला दीड लाखाहून जास्त तिकिटं आणि ४० लाख चौकशा.

मग प्रश्न सुटला?

अर्धा. चौकशी वाढवणं तुलनेने सोपं आहे. "सीट किती शिल्लक?" याचं उत्तर काही सेकंद जुनं असलं तरी चालतं, त्यामुळे ते कॅशेमधून, अनेक सर्व्हरवरून देता येतं. बुकिंगचं तसं नाही. एक बर्थ दोघांना विकून चालत नाही. शेवटी कुठेतरी एकाच ठिकाणी, एकामागून एक निर्णय घ्यावा लागतो.

आणि सर्व्हर कितीही वाढवले तरी बर्थ वाढत नाहीत. सिस्टीम पाचपट फास्ट झाली तर तिकिटं फक्त आणखी लवकर संपतील. मग जिंकेल कोण? ज्याच्याकडे फायबरचं कनेक्शन आणि नवा फोन आहे तो. गावातून एका दांडीच्या नेटवर्कवर प्रयत्न करणारा अर्ध्या सेकंदाने हरेल. "सरासरी रिस्पॉन्स टाइम उत्तम" या आकड्यात हा माणूस दिसतच नाही. म्हणून इंजिनिअर सरासरीऐवजी सगळ्यात स्लो ५% किंवा १% लोकांना किती वेळ लागला, ते बघतात.

यावर एक उपाय ठाऊक आहे: व्हर्च्युअल वेटिंग रूम. मोठ्या कॉन्सर्टच्या तिकिटांसाठी तो वापरतात. वेळेआधी आलेल्या सगळ्यांना सोडत काढून नंबर द्यायचा आणि "तुमच्या पुढे इतके जण आहेत" हे स्क्रीनवर दाखवायचं. थांबावं तर लागतंच, पण नंबर दिसला की रिफ्रेश करायचं कारण उरत नाही. लोड कमी होतो आणि मिलिसेकंदांची शर्यतही संपते.

तोपर्यंत तुम्ही काय कराल?

पेमेंट सुरू असताना रिफ्रेश किंवा बॅक दाबू नका. पैसे कापले गेले आणि तिकीट दिसत नसेल, तर पुन्हा पैसे भरण्याआधी बुकिंग हिस्ट्री तपासा. पाच टॅब उघडून नंबर पुढे सरकत नाही, फक्त रांग लांबते.

नवीन सिस्टीमचं यश मिनिटाला किती तिकिटं विकली यावर मोजलं जाईल. आपण मात्र विचारायला हवं: १० वाजून १ मिनिटाने तिकीट मिळालेल्यांमध्ये स्लो नेटवाले किती होते?