चाक रोजच्या वाटेचं घ्या, वर्षातल्या वीस दिवसांचं नको



चार दिवस झाले, पाऊस उघडायला तयार नाही. रानात पाय घालता येत नाही. म्हणून आज पिकावर न लिहिता गाडीच्या चाकावर लिहितो. गेल्या महिन्यात ओळखीच्या तिघांनी विचारलं, "दादा, थारला कोणते टायर, कोणती रिम टाकू?" चिखलातून शेतात जाणारी आणि तीच रोज तालुक्यालाही जाणारी गाडी आता बऱ्याच घरी आहे. माझं मत पटो न पटो, पण ते बसल्या जागी बनलेलं नाही.

माझी गाडी २०१४ ची जुनी थार, सेकंड हॅण्ड घेतलेली. कंपनीचं माप २३५/७० आर १६, साधी लोखंडी डिस्क. पोराला ती डिस्क बघवत नव्हती. २०२१ ला त्यानं शहरातून रुंद अलॉय आणि २४५/७५ आर १६ चे मड टेरेन टायर बसवून आणले. चार चाकांना नव्वद हजारांच्या आसपास गेले. कापसाचे पैसे होते. गाडी दिसायला लय भारी झाली, खोटं कशाला बोलू. मीच फोटो काढून पाहुण्यांना पाठवले.

मग आषाढातली एक रात्र आली. आईला दम लागला. तालुका २२ किलोमीटर. ओढ्याच्या पुलावर सिमेंट उखडून खड्डा पडलेला, अंधारात पुढचं डावं चाक त्यात आदळलं. टायरला काही झालं नाही, पण अलॉयची कड तुटली आणि हवा एका दमात गेली. स्टेपनी होती, जुनी लोखंडी. पण अलॉयचे नट वेगळे, लांब बुडाचे. लोखंडी डिस्कवर पूर्ण आवळले तरी चाक हलत होतं. जुने नट घरी कोठ्यात, बरणीत ठेवलेले. आई मागं बसून श्वास ओढतेय आणि मी हातात पाना घेऊन उभा. शेजारी पिकअप घेऊन येईपर्यंत पाऊण तास गेला. आई वाचली. पण तो पाऊण तास मी विसरलेलो नाही.

नटाचं दुकानदारानं सांगितलं नव्हतं, आणि आपणही विचारलं नव्हतं. अर्धा दोष आपलाच.

त्यानंतर मी एक काम केलं. फवारणी, पाणी जसं डायरीत लिहितो, तसं वर्षभर गाडीचं चालणं लिहिलं. जून ते मे, एकूण ११,४०० किलोमीटर. त्यातले ९,६०० डांबरी आणि सिमेंट रस्त्यावर, १,५०० मुरूम-खडीच्या वाटेवर आणि फक्त ३०० काळ्या चिखलात. फोर बाय फोरचा दांडा ओढला ते दिवस भरले १९. म्हणजे १९ दिवसांसाठी मी बाकीचे दिवस मड टेरेनचा घोंगाट ऐकत होतो, जास्त डिझेल जाळत होतो आणि ओल्या सिमेंट रस्त्यावर जीव मुठीत धरून ब्रेक दाबत होतो. मड टेरेनचे ठोकळे मोठे आणि मधल्या फटी रुंद, त्यामुळे डांबरावर टेकणारं रबर कमी पडतं. चिखलात जो गुण, तोच ओल्या रस्त्यावर अवगुण.

आता मापाचं बोलू. २३५/७० आर १६ म्हणजे टायरची रुंदी २३५ मिलिमीटर, उंची रुंदीच्या ७० टक्के, आणि रिम १६ इंचाची. हिशेब केला तर चाकाची पूर्ण उंची येते सुमारे ७३५ मिलिमीटर. २४५/७५ आर १६ ची येते ७७४. चाक ३९ मिलिमीटरनं वाढलं, पण गाडी जमिनीपासून उचलली गेली त्याच्या निम्मीच, दोन सेंटिमीटरसुद्धा नाही. बदल्यात मीटर ६० दाखवतो तेव्हा गाडी ६३ नं पळते. मोठं चाक फिरवायला इंजिनला जोर जास्त लागतो, चिखलातून रिव्हर्स काढताना क्लच जास्त घासतो.

रुंद रिममुळे चाक बाहेर आलं की दुसरं दुखणं सुरू होतं. चाकाचा भार बेअरिंगच्या बाहेर पडतो, खड्ड्यात स्टेअरिंग हाताला झटका देतं, चिखल थेट दारावर उडतो. माझं पुढचं हब बेअरिंग वर्षभरातच वाजायला लागलं. कायद्याचंही लक्षात ठेवा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीत मनानं बदल करू देत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तेच सांगितलं. अपघात झाल्यावर विमावाल्याशी वाद घालत बसण्यापेक्षा कंपनीनं दिलेल्या मापात राहिलेलं बरं.

अलॉय वाईट असतं असं माझं म्हणणं नाही. हलकं असतं, गंजत नाही, डांबरावर गाडी छान पळते. ज्याची वाट चांगली त्यानं खुशाल वापरावं. पण साधं ओतीव अलॉय जोरात आदळलं तर तडकतं. लोखंडी डिस्क वाकते, आणि वाकलेली कड हातोड्यानं ठोकून निदान दवाखान्यापर्यंत जाता येतं. आपल्या वाटेला तडकणाऱ्यापेक्षा वाकणारं बरं.

"दादा, मग चिखलात काय करता?" पोरानं हाच प्रश्न केला होता. खरं सांगतो, आपल्या खोल काळ्या मातीत ऑल टेरेन टायरच्या खाचा भरतात आणि टायर गुळगुळीत होतो. मड टेरेन माती फेकतो, तिथं तो सरस आहे हे मान्य. पण भारी जमीन पुरती भिजली की गाडीचं पोट चिखलावर टेकतं, मग कोणताच टायर कामाचा नाही. आणि वाफसा नसताना रानात गाडी घालायचीच कशाला? चाकाखाली माती दबते, त्या चाकोरीत पाणी साचतं आणि पुढच्या पिकाची मुळं तिथं अडतात. कृषी खात्यातले मित्र हे माझ्यापेक्षा चांगलं सांगतील. बांधावर गाडी लावा, पुढं पायी जा.

जिथं जावंच लागतं तिथं मी हवा कमी करतो. ३० वरून २० पीएसआयवर आणतो, टायर पसरतो, जमिनीवरचा दाब कमी होतो. वेग २० च्या आत ठेवायचा आणि डांबरावर येताच बॅटरीवर चालणाऱ्या पंपानं हवा परत भरायची. १५ च्या खाली जाऊ नका, ट्यूबलेस टायर रिममधून निसटतो. हा पंप अलॉयच्या मानानं फुकटच पडतो.

आता माझ्या गाडीला कंपनीच्याच लोखंडी डिस्क आहेत, मूळ मापाचे ऑल टेरेन टायर आहेत आणि पाचही चाकं सारखी आहेत. पाचवं सारखं का? फोर बाय फोर लावलेलं असताना एक चाक लहान असलं तर गिअर-डिफरन्शियलवर ताण येतो. आणि रात्री-अपरात्री बदललेलं चाक त्याच नटांनी बसलं पाहिजे.

घेताना एवढं बघा. टायरवर शेवटी चार आकडे असतात, २३२४ म्हणजे २०२४ चा २३ वा आठवडा. जुना माल घेऊ नका. भाराचा आकडा कंपनीच्या टायरपेक्षा कमी नको. ते माप तालुक्यात मिळतं का विचारा. चाक बसवल्यावर पन्नास-शंभर किलोमीटरनं नट पुन्हा आवळा. आणि दुकानातून निघण्याआधी स्टेपनी त्याच नटांनी स्वतः बसवून बघा. दुकानदार हसला तर हसू द्या.

पोराला अजून माझं पटलेलं नाही. अलॉय विकायचे म्हटलं की तोंड पाडतो. पण पावसाळा लागला की जुन्या नटांची ती बरणी तोच कोठ्यातून काढून गाडीत ठेवतो. आता गरज नाही, तरी मी काही बोलत नाही.