एका दिवसाची किंमत

आमच्या भिशीत निम्म्या जणींचं कुणी ना कुणी अमेरिकेत आहे. ‘लेकीला ग्रीन कार्ड मिळालं, काळजी मिटली बाई!’ असं कुणी म्हटलं, की मला सांगावंसं वाटतं, अगं, ग्रीन कार्ड म्हणजे नागरिकत्व नव्हे.

नागरिक नसलेल्या माणसाला गुन्ह्यावरून तिथून परत धाडता येतं. गंमत अशी (गंमत कसली म्हणा!) की शिक्षा बहुतेक वेळा राज्याच्या कायद्याने होते आणि देशात राहायचं की नाही, ते ठरतं केंद्राच्या कायद्याने. १९९६ च्या केंद्रीय कायद्यामुळे चोरीला एक वर्षाची शिक्षा झाली की तो ‘गंभीर गुन्हा’ धरतात, मग राज्याच्या लेखी तो किरकोळ का असेना. न्यायाधीशांनी शिक्षा स्थगित ठेवली, बाईने तुरुंग पाहिलासुद्धा नाही, तरी कागदावर ३६५ दिवस लिहिलेले असले की पुरे. वीस वर्षांचा संसार, तिथेच जन्मलेली मुलं, हे सांगून दयेचा अर्ज करण्याची मुख्य वाटही मग बंद होते.

आणि ३६४ दिवस असतील तर? तर हे कलम लागत नाही. म्हणून वॉशिंग्टन राज्याने २०११ मध्ये, कॅलिफोर्नियाने २०१५ पासून आणि न्यूयॉर्कने २०१९ मध्ये किरकोळ गुन्ह्यांची कमाल शिक्षाच एका दिवसाने कमी केली. सगळेच गुन्हे यात बसत नाहीत, अमली पदार्थांचे नियम वेगळे आहेत. ‘गुन्हेगारांचे लाड’ अशी टीका यावर होते. मला ती पटत नाही. ३६४ दिवसांची शिक्षा आहेच की! कोर्टाने न सुनावलेली दुसरी शिक्षा तेवढी टळते.

मला भीती वाटते ती आपल्या लाजेची. दुकानातली एखादी वस्तू, घरातलं भांडण, पोलीस आले की ‘लवकर मिटवा, कबूल करून टाका, कुणाला कळायला नको’ हीच घाई. गुन्हा कबूल केल्यास हद्दपारीचा धोका आहे का, हे वकिलाने सांगायलाच हवं, असं तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये बजावलंय. पण आपण नागरिक नाही, हे वकिलाला आधी कळायला हवं ना?

रविवारी लेकीचा फोन आला की लोणच्या-मसाल्याच्या गप्पांत हेही सांगून ठेवा. कोर्टाच्या कुठल्याही कागदावर सही करण्याआधी विचारायचं, ‘मी नागरिक नाही, याने माझ्या कार्डाचं काय होईल?’