थर्मोस्टॅट काढून टाकण्याच्या उपायाविरुद्ध

मोटारीचे इंजिन वाजवीपेक्षा जास्त तापू लागले की महाराष्ट्रातील अनेक गॅरेजांत पहिला उपाय म्हणून थर्मोस्टॅट, म्हणजे मेकॅनिकांच्या बोलीतला ‘वॉल’, काढून टाकला जातो, आणि त्याचे समर्थन एका वाक्यात होते: आपल्याकडे बर्फ पडत नाही, तेव्हा हा भाग थंड देशांसाठी आहे. या समर्थनाला दीर्घ अनुभवाचा आधार असल्याचे सांगितले जाते आणि गाडीमालकही ते निमूटपणे मान्य करतात. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे की हा उपाय तत्त्वतः चुकीचा आहे, पुष्कळ इंजिनांत तो ज्या विकारावर केला जातो तोच विकार वाढवतो, आणि त्याहून गंभीर गोष्ट म्हणजे तो निदानाची वाटच बंद करतो.

पूर्वपक्ष नीट समजून घेतल्याशिवाय त्याचे खंडन करणे अन्यायाचे होईल. ही सवय ज्या काळात रुजली त्या काळात रस्त्यावर अँबॅसडर आणि प्रीमियर पद्मिनी या गाड्यांचे राज्य होते. सुरुवातीच्या अँबॅसडरच्या इंजिनाचे ब्लॉक आणि हेड दोन्ही बिडाचे होते, पंखा पट्ट्यावर सतत फिरत असे, इंधनाचे प्रमाण कार्बोरेटर ठरवत असे, आणि घाट चढताना पाण्याचा डबा जवळ ठेवणे हे प्रत्येक चालकाच्या अंगवळणी पडले होते. अशा इंजिनातून थर्मोस्टॅट काढला तर होणारे नुकसान सावकाश होई, आणि ते दिसेपर्यंत त्याचा संबंध त्या जुन्या ‘दुरुस्ती’शी कोणी जोडत नसे. मुंबईच्या रस्त्यावरून शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये उतरली. तिच्यासोबत वाढलेली ही समजूत मात्र संगणकनियंत्रित इंजिनांच्या काळातही तशीच चालू आहे.

आता मूळ दाव्याकडे वळू. सिलिंडरमध्ये जळणाऱ्या वायूचे तापमान दोन हजार अंश सेल्सिअसच्या पलीकडे जाते आणि ज्या ॲल्युमिनियमचे हेड त्याला झाकते ते ६६० अंशांना वितळते, एवढे लक्षात घेतले की शीतन का हवे हे वेगळे सांगावे लागत नाही. परंतु शीतनव्यवस्थेचे काम इंजिन जमेल तितके थंड ठेवणे हे नाही. ते एका ठरावीक तापमानावर, साधारणपणे ९० अंशांच्या आसपास, स्थिर ठेवणे हे आहे. ही स्थिरता सांभाळणारा भाग म्हणजे थर्मोस्टॅट. त्याच्या पितळी डबीत मेण भरलेले असते. भोवतालचे पाणी बहुधा ८२ किंवा ८८ अंशांना पोहोचले की मेण वितळून फुगते, दांडा ढकलते आणि रेडिएटरकडे जाणारा मार्ग खुला होतो. बाहेर बर्फ आहे की ऊन, याच्याशी या कामाचा फारसा संबंध नाही. चंद्रपुरात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर गेला तरी ती हवा इंजिनाच्या अपेक्षित तापमानापेक्षा ४५ अंशांनी थंडच असते, आणि सपाट महामार्गावर हलक्या भाराने धावणाऱ्या गाडीचे इंजिन थर्मोस्टॅटशिवाय पुरेसे तापत नाही. अशा वेळी तापमानाच्या सेन्सरकडून इंजिन थंड असल्याची खबर मिळत राहिल्याने संगणक जास्त पेट्रोल सोडत राहतो. ते पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचा ऑइलचा पातळ थर धुऊन काढते, थोडे खाली ऑइलमध्ये उतरते, आणि ज्वलनातून निर्माण होणारी वाफ उडून न जाता ऑइलमध्येच मिसळून त्याचा गाळ होतो. पी०१२८ हा दोषसंकेत नेमकी हीच तक्रार नोंदवतो की इंजिन थर्मोस्टॅटच्या तापमानापर्यंत पोहोचत नाही. गाडीच्या यंत्रणेने स्वतः दिलेला हा पुरावा स्कॅनर लावताच दिसतो, आणि तरीही अनेकदा तो पुसून टाकला जातो.

यापुढचा मुद्दा पूर्वपक्षाला सर्वांत अडचणीचा आहे. अनेक इंजिनांतील थर्मोस्टॅटला दोन तबकड्या असतात. इंजिन थंड असताना वरची तबकडी रेडिएटरचा मार्ग बंद ठेवते आणि पाणी ‘बायपास’ या आखूड वाटेने इंजिनातच फिरते. इंजिन तापल्यावर वरची तबकडी उघडते आणि त्याच हालचालीत खालची तबकडी बायपासचे तोंड झाकते, त्यामुळे सगळे पाणी रेडिएटरमधून जाणे भाग पडते. असा थर्मोस्टॅट काढला की बायपास कायमचा उघडा राहतो. पाणी कमी अडथळ्याची वाट धरते, त्याचा मोठा हिस्सा रेडिएटरला न भेटताच परत इंजिनात येतो, आणि घाटात पूर्ण भार पडला की इंजिन पूर्वीपेक्षा लवकर तापते. म्हणजे गाडी तापते म्हणून भाग काढला, आणि भाग काढला म्हणून गाडी तापू लागली. मग रेडिएटर बदलला जातो, पंप बदलला जातो, आणि खर्चाची ही साखळी कोठून सुरू झाली हे कोणाच्याही ध्यानात येत नाही.

येथे थर्मोस्टॅटच्या बाजूने बोलणाऱ्यांच्या एका युक्तिवादाचेही खंडन करणे आवश्यक आहे, कारण योग्य पक्षाची चुकीची बाजू मांडली की तो पक्ष दुबळा होतो. थर्मोस्टॅट नसेल तर पाणी रेडिएटरमधून इतक्या वेगाने धावते की त्याला थंड व्हायला वेळच मिळत नाही, असे पुष्कळदा सांगितले जाते. ते खरे नाही. वेग वाढला की प्रत्येक फेरीत पाणी कमी निवते हे बरोबर, पण फेऱ्याही तितक्याच वाढतात आणि रेडिएटरभर पाण्याचे सरासरी तापमान चढे राहिल्याने हवेला दिली जाणारी एकूण उष्णता घटत नाही, उलट वाढते. नुकसान वेगामुळे होत नाही. ते उघड्या बायपासमुळे आणि तापमानावरील नियंत्रण गमावल्यामुळे होते.

पूर्वपक्षाचे दुसरे अंग कूलंटविषयी आहे. कूलंट म्हणजे पाणी, इथिलीन ग्लायकॉल आणि गंजरोधक रसायने यांचे मिश्रण; आपल्या हवामानात साधे पाणीच चांगले, कारण ते जास्त उष्णता वाहून नेते, असे म्हटले जाते. यातले विज्ञान अर्धे बरोबर आहे. शुद्ध पाण्याची उष्णता सामावण्याची क्षमता निम्म्या-निम्म्या मिश्रणापेक्षा खरोखरच जास्त असते. परंतु रेडिएटरमध्ये जाते ते शुद्ध पाणी नसते, बोअरचे असते. दख्खनच्या पठारावरील बोअरच्या पाण्यात बहुधा भरपूर क्षार असतात आणि त्यांतील चुन्याचा अंश पाणी तापले की विरघळलेला राहत नाही. तो थर होऊन साचतो, आणि साचतो तोही इंजिनाच्या सर्वांत तप्त जागी, म्हणजे हेडमध्ये एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या भोवती, जिथे उष्णता काढून घेण्याची गरज सर्वाधिक असते. ॲल्युमिनियमचा गंज, पंपाच्या सीलची झीज आणि रेडिएटरच्या बारीक नळ्या चोक होणे हे त्याच मालिकेतले पुढचे टप्पे होत. नळ्या गळू लागल्या की रेडिएटरमध्ये हळद टाकण्याचा जो प्रघात आहे तो तर गळती बुजवता बुजवता उरलेल्या नळ्याही बुजवतो.

उकळबिंदूचा विचार यात सहसा होतच नाही. महाबळेश्वर सुमारे १,३७० मीटर उंचीवर आहे आणि तिथे उघड्या भांड्यातले पाणी ९५ अंशांच्या सुमारास उकळते. रेडिएटरचे झाकण प्रेशर कुकरच्या शिट्टीप्रमाणे आत दाब धरून ठेवते, त्यावर ०.९ किंवा १.१ असा जो आकडा छापलेला असतो तो या दाबाचा, आणि वातावरणाच्या दाबावर आणखी एवढा दाब चढला की पाण्याचा उकळबिंदू १२० अंशांच्या आसपास जातो. ग्लायकॉल त्यात आणखी काही अंशांची भर घालते. झाकणाचे रबर कडक झाले असेल तर महाबळेश्वरकडे नेणारा पसरणी घाट चढताना हे सगळे संरक्षण नाहीसे होते, आणि काही शे रुपयांचे झाकण न तपासता हजारो रुपयांचे काम निघते. दाब असलेले हेच झाकण तापलेल्या इंजिनावर उघडले की पाण्याची क्षणात वाफ होऊन ते उसळते आणि तोंड-हात भाजतात, हेही त्याच नियमाचे फळ आहे. इंजिन निवेपर्यंत, निदान अर्धा तास, त्याला हात लावू नये, आणि तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतू नये, कारण त्याने हेडला तडा जाऊ शकतो.

‘फॅन डायरेक्ट करणे’, म्हणजे सेन्सर आणि रिले वगळून पंख्याला सरळ करंट देणे, हा त्याच वृत्तीचा तिसरा आविष्कार होय. त्याने बिघडलेला सेन्सर झाकला जातो, एवढेच.

आता मंडनाकडे. तापणे हे लक्षण आहे, आणि लक्षणाचा पहिला प्रश्न ‘केव्हा’ हा असतो. सिग्नलच्या रांगेत किंवा पुण्याच्या कोंडीत तापमानाचा काटा चढतो आणि गाडी चालू लागली की उतरतो, तर दोष हवेच्या प्रवाहात असण्याची शक्यता मोठी: पंखा, त्याची मोटर, फ्यूज, रिले, किंवा एसी कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्यामध्ये साचलेली धूळ व किडे. पंखा फिरतो एवढ्यावर समाधान मानू नये, कारण मागील दुरुस्तीत तारा उलट जोडल्या गेल्या असतील तर तो उलटा फिरतो आणि समोरून येणाऱ्या हवेशी झगडतो. उलट, कोंडीत ठीक असलेली गाडी द्रुतगती मार्गावर ताशी १०० किलोमीटरने तापत असेल तर पंख्याचा प्रश्न जवळजवळ संपतो, कारण त्या वेगाला हवा आपोआप मिळते. तेव्हा पाण्याचा प्रवाह पाहावा, म्हणजे चोक झालेला रेडिएटर, पाती झिजलेला पंप, घसरणारा पट्टा, किंवा ओढीने आत दबणारा खालचा होज, म्हणजे रबरी नळी. सुरू केल्यावर काही मिनिटांतच काटा चढतो आणि वरचा होज गरम असताना रेडिएटर मात्र गार राहतो, तर थर्मोस्टॅट अडकला आहे किंवा आत हवा कोंडली आहे.

संशय थर्मोस्टॅटवर असेल तर त्याचा निकाल लावणे अतिशय सोपे आहे. तो काढून दोऱ्याने पातेल्यातल्या पाण्यात टांगावा, तळाला टेकू देऊ नये, शेजारी थर्मामीटर धरावा आणि पाणी तापवावे. अंगावर कोरलेल्या आकड्याच्या आसपास तबकडी सुटू लागली आणि आणखी दहा-बारा अंशांत पूर्ण उघडली, तर तो निर्दोष आहे आणि त्याला शिक्षा करण्याचे कारण नाही. उघडला नाही, तर त्याच तापमानाचा नवा बसवावा. रस्त्यात, गॅरेजपासून दूर, बंद अवस्थेत अडकलेला थर्मोस्टॅट घरी पोहोचण्यापुरता काढणे समर्थनीय आहे. ती सोय कायमची करणे समर्थनीय नाही.

पाणी कमी होते पण बाहेर कुठे गळत नाही, ही अवस्था सर्वांत चिंतेची. ब्लॉक आणि हेड यांच्यामधला सांधा, म्हणजे हेड गॅस्केट, फुटला असेल तर ज्वलनाचे वायू पाण्यात शिरतात. थंड इंजिन सुरू करताच होज दगडासारखे घट्ट होतात आणि कूलंटच्या टाकीत बुडबुडे येत राहतात. निळ्या रंगाच्या एका द्रवातून टाकीतली हवा ओढली असता त्यातील कार्बन डायऑक्साइडने तो पिवळा पडतो, आणि हेड न खोलता खात्री होते. ॲल्युमिनियम तापल्यावर बिडाच्या सुमारे दुप्पट प्रसरण पावते, त्यामुळे एकदा फार तापलेले हेड वाकलेले असू शकते. अनेक छोट्या इंजिनांत ०.०५ मिलिमीटरपेक्षा जास्त वाक चालत नाही, म्हणून सरळ पट्टी आणि फीलर गेज लावून मापल्याशिवाय नवे गॅस्केट बसवणे व्यर्थ ठरते. आणि हेड फेस करून, म्हणजे घासून सपाट करून, गॅस्केट बदलले तरी ते ज्या कारणाने गेले ते कारण, पंखा असो, पंप असो वा झाकण असो, शोधले नसेल तर तेच काम पुन्हा निघते.

काट्यावर किती विश्वास ठेवावा यालाही मर्यादा आहे. आजच्या बऱ्याच गाड्यांत काटा एका रुंद टप्प्यात मध्यावरच स्थिर दाखवला जातो, काहींत तर फक्त लाल दिवा असतो, आणि पाणी पूर्ण निघून गेले की सेन्सर कोरडा पडून काटा खाली येऊ शकतो, म्हणजे ज्या क्षणी इंजिन सर्वाधिक संकटात असते त्या क्षणी चालकाला सर्व आलबेल दिसते. म्हणून थंड इंजिनावर आठवड्यातून एकदा टाकीतील पातळी पाहणे काट्याकडे पाहण्यापेक्षा मोलाचे आहे, आणि जुनी गाडी विकत घेणाऱ्याने थर्मोस्टॅट जागेवर आहे की नाही हे खोलून पाहावे. तिथे रिकामे घर आढळले तर ही गाडी पूर्वी तापत होती आणि त्याचे कारण कदाचित कधीच शोधले गेले नाही, असे धरून पुढची तपासणी करावी.